दुसरा ब्रेक

४ जानेवारी

ती. मावशीस,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण खोली एवढीशी आहे की डोकं दाराबाहेर जाईल आणि पाय शेजाऱ्याच्या भिंतीत. उभ्यानं करतोय, उभ्यानंच घे.

दिवट्यानं कॉलेज अर्ध्यावर सोडलं हे आईनं तुला कळवलं असेलच. तिचं निम्मं खोटं धर. मी रागाच्या भरात वगैरे सोडलं नाही. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्यासारख्या मुलानं इथं—" पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. शांतपणे उठलो, शांतपणे बाहेर पडलो. दाराची काच फुटली ती वाऱ्यानं.

आता मी एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवतो. हसू नकोस. स्कूल म्हणजे पेट्रोल पंपामागची पत्र्याची खोली, तीन खुर्च्या, रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि एक छोटी पांढरी गाडी. लोक आजवर काय काय शिकले ते तिच्या पत्र्यावर चारी बाजूंनी वाचता येतं. एक मालक, एक मी आणि एक जुने शिक्षक. ते गाडी सुरू झाली की पेंगायला लागतात, म्हणून त्यांना सगळे डुलकीमास्तर म्हणतात.

शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्यानं घोळ घातला तर आपण दाबायचा. पण अभिमानानं सांगतो, त्या ब्रेकला मी अजून पाय लावलेला नाही. माणसावर विश्वास टाकावा लागतो. मी आपला निवांत बसून तोंडानं शिकवतो. तो भडकू मुलगा गेला, मावशी. आता मी विहिरीचं पाणी झालोय.

आणि एक सांगायचं होतं. माझ्याकडे एक डॉक्टर शिकायला येते. गुरांची डॉक्टर. खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात घालते आणि पहिला गिअर टाकताना तिचा तोच हात थरथरतो. मार्चपासून तिला फिरत्या दवाखान्याची गाडी घेऊन गावोगाव जायचंय, आणि लायसन दाखवल्याशिवाय हजर करून घेणार नाहीत. काल म्हणाली, "तुमच्या गाडीला मन आहे हो. मी ब्रेकवर पाय ठेवायला जाते तर तो आधीच अर्धा खाली गेलेला असतो." माझ्या गाडीला मन आहे, म्हणाली! सरळ तोंडावर कुणी एवढं बोलतं का?

आईला यातलं डॉक्टरचं सोडून सगळं सांग.

तुझा,
भाचा

*

१३ जानेवारी

प्रिय भोंग्या,

(पाळण्यात असताना तुझं रडणं ऐकून रस्त्यावरच्या गाड्या बाजू द्यायच्या, म्हणून हे नाव पडलं. डॉक्टरीणबाईंना एवढ्यात सांगू नकोस.)

म्हणे विहिरीचं पाणी! मागच्या वर्षी आमच्याकडे आलास तेव्हा कॅरमच्या सोंगटीवरून शेजारच्या पोरावर ओरडलास, पोर आठ वर्षांचं होतं. असो. माणूस बदलू शकतो. मी तुझ्या आईला हेच सांगितलं. तिला मध्येच तोडून सांगावं लागलं, कारण ती ऐकूनच घेत नव्हती. ही सवय आमच्या माहेरची. मी त्यातून सुटले, देवाची कृपा.

मी कुणाच्या मध्ये पडत नाही हे तुला ठाऊक आहेच. एवढंच सांगते: केस काप. इस्त्रीचा शर्ट घाल. तिच्याशी बोलताना हात हवेत फिरवू नकोस. तिचं कुठं जमलंय का ते काढून घे, पण विचारू नकोस. गाडीत उन्हात बसू नकोस, सावलीतही फार वेळ बसू नकोस.

तुझे काका शेजारीच आहेत. म्हणतात, "त्याला लिही, गाडीत बसला की त्याचा पाय—" दिवसभर बसून पाय दुखत असतील तर कोमट पाण्यात मीठ टाकून बुडव, असं म्हणायचंय त्यांना. त्यांचं वाक्य पुरं व्हायची वाट बघितली तर टपाल निघून जाईल.

तुझी,
मावशी

*

१ फेब्रुवारी

ती. मावशीस,

पाय ठणठणीत आहेत. काकांना सांग, पाय मी वापरतच नाही.

बातमी मोठी आहे. डॉक्टर परीक्षेत नापास झाली! वाईट वाटलं म्हणून सांगतोय असं समजू नकोस. आधी ऐक.

परीक्षेला गाडी आमचीच असते, पण बाजूच्या सीटवर मी नसतो, सरकारी परीक्षक बसतो. हाताची घडी घालून, पाय आखडून, मख्ख. माझ्यासमोर जी बाई आठचा आकडा लोण्यातून सुरी फिरवावी तसा काढते, तिनं त्याच्यासमोर लाल प्लास्टिकचे दोन खांब आडवे केले. थांबायच्या रेषेवरून बोनेट सरळ पुढं. मी परीक्षकाला म्हटलं, तुम्ही असे मख्ख बसलात तर माणूस घाबरणारच. तो म्हणाला, आवाज खाली करा. आवाज खालीच होता. बोनेटवर हात आपटला तो मुद्दा ठसवायला.

परत येताना डॉक्टर म्हणाली, "तीच गाडी, तोच रस्ता. तुम्ही शेजारी असलात की थांबते, तुम्ही नसलात की थांबत नाही. असं का होत असेल?"

मावशी, असं का होत असेल? तूच सांग. मला रात्रभर झोप नाही. मी शेजारी असलो की तिला धीर येतो. आणि मी तर म्हणतो, धीराच्याही पुढची गोष्ट असणार. पास झाली की तास संपले. आपले तास संपावेत असं कुणाला वाटेल? डुलकीमास्तरांची माणसं पहिल्याच फटक्यात पास होतात, कारण त्यांच्याजवळ दुसऱ्यांदा यावंसं कुणाला वाटत नाही. ते झोपलेले असतात.

पुढची परीक्षा वीस तारखेला. मनातून मी कोणत्या बाजूला आहे ते लिहीत नाही.

तुझा,
केस कापलेला भाचा

*

८ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

पत्र दोनदा वाचलं. "मी म्हणतो, मी म्हणतो" फार झालं. ती काय म्हणते? त्या एका वाक्यात तिनं तुला प्रश्न विचारलाय, रे. उत्तर मागितलंय. तू त्याला फुलं बांधून गळ्यात घालून घेतलास.

नापास झालेल्या मुलीसमोर हसलास तर नाहीस ना? तुझं हसू लपत नाही, कान हलतात.

काकांना पत्र वाचून दाखवलं. ते एकदम उठून बसले. म्हणाले, "अगं, चटई! त्याला ती चटई—" खरंच की! तुझ्या खोलीत खाली टाकायला काही नसेल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सोबत एक चटई पाठवते आहे, जाड आणि चांगल्या विणीची. थंड फरशीवर बसू नकोस. काका अजून काहीतरी पुटपुटत होते, पण मी पार्सल शिवायला बसले होते.

शेजारणीची सून रुसून माहेरी गेली. कारण सासू तिचं काहीच पुरं ऐकून घेत नाही. असतात बाई अशाही.

तुझी,
मावशी

*

२१ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार वगैरे धर. सगळं संपलं.

काल ती पुन्हा नापास झाली. तेच खांब, तीच रेषा. परतताना मला वाटलं, हीच वेळ. मी म्हटलं, "डॉक्टर, एक विचारू? तुम्ही मुद्दाम नापास होता ना?"

"काय?"

"नाही, म्हणजे मला समजतं. हे तास संपूच नयेत असं मलाही वाटतं."

तिनं गाडी कडेला घेतली. बरोबर सिग्नल देऊन घेतली. आधी मला कौतुकच वाटलं. मग तिनं किल्ली काढली आणि माझ्याकडे वळली.

"वडील घरी बसून आहेत माझे. भावाची शाळा आहे. हजर व्हायची मुदत विनवण्या करून पंधरा मार्चपर्यंत वाढवून घेतलीये मी, त्यानंतर ती जागा दुसऱ्याला जाणार. आणि तुम्हाला वाटतं, मी तुमच्यासाठी खांब पाडतेय?"

मी म्हटलं, "तसं नाही, माझं म्हणणं एवढंच—"

"तुमचं म्हणणं मला पाठ आहे. बैलसुद्धा शिंग मारायच्या आधी एकदा माणसाकडे बघतो हो. तुम्ही बघतच नाही."

किल्ली माझ्या हातात ठेवली आणि चालत गेली. आज मालकांनी सांगितलं, डॉक्टर म्हणतात दुसरा शिक्षक द्या, आणि डुलकीमास्तरांचे तास मार्चअखेरपर्यंत भरलेले. म्हणजे ती येणारच नाही. म्हणजे तिची नोकरी जाणार. मालक म्हणाले, "गेल्या दोन महिन्यांत तुझं एकही माणूस पास झालेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का?" मी म्हटलं, माझं शिकवणं वरच्या पातळीचं आहे.

मी काय केलं, मावशी? मी ओरडलो नाही. ब्रेकला पाय लावला नाही. माझ्याइतका शांत शिक्षक या शहरात नसेल. तू मला लहानपणापासून बघतेस. माझ्यात काय खोट आहे ते सरळ सांग. यावेळी मी पुरतं ऐकेन.

तुझा,
भोंग्या

ता. क. चटई मिळाली. गुंडाळूनच ठेवलीय. बसायचं मन नाही.

*

२६ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र वाचून मी लिहायला बसले आणि पहिल्यांदाच मला काही सुचेना. काकांना म्हटलं, "पोराला काय सांगू हो?" ते म्हणाले, "दोनदा सांगायला गेलो. तू सांगू दिलं नाहीस." मी म्हणणार होते, कधी हो? पण तुझी मागची पत्रं समोरच होती. पाय. चटई. माझी मला लाज वाटली. आता पेन त्यांच्या हातात देते आणि मी बागेत जाऊन उभी राहते. तिथून काही ऐकू येत नाही, म्हणजे काही बोलताही येणार नाही.

*

चि. भाच्यास आशीर्वाद.

मला पत्राची सवय नाही. मुद्द्याचं लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात तुला मी गाडीतून बाजारात नेत असे. तू शेजारी बसायचास. समोर काही आलं, सायकल, कुत्रं, सिग्नल, की तुझा उजवा पाय खाली जोरात दाबला जायचा. दर वेळी. तिथं ब्रेक नाही, नुसती चटई. तू गेल्यावर मी गाडी धुतली तेव्हा त्या चटईला टाचेएवढं भोक पडलेलं होतं. अजून आहे.

मौज अशी की, तो पाय दाबताना तू मला सांगत होतास की तू आता किती शांत झालायस. तू खोटं बोलत नव्हतास. तुला माहीतच नव्हतं.

तुझ्या शाळेच्या गाडीत त्या जागी खरा ब्रेक आहे. बाकी तू हुशार आहेस.

एकदा ब्रेकखाली काहीतरी ठेवून बघ.

तुझे,
काका

*

४ मार्च

ती. मावशी आणि ती. काका,

आधी खरं सांगतो. पत्र वाचून मी काकांवरच भडकलो. पत्राचा बोळा करून कोपऱ्यात फेकला. म्हटलं, काकांचं वय झालं. मग बोळा उलगडला. मग परत बोळा केला.

दुसऱ्या दिवशी डुलकीमास्तरांना म्हटलं, "मास्तर, जरा एक चक्कर मारा. मी बाजूला बसतो." चहाचा रिकामा कागदी कप दुसऱ्या ब्रेकखाली उभा ठेवला. मास्तर गाडी चालवायला लागले आणि मी निवांत बसलो. अगदी निवांत, मावशी. शिट्टी वाजवत होतो. कोपऱ्यावर भाजीची गाडी आडवी आली, मास्तरांनी थांबवली, पुढं निघाले. एवढंच.

उतरून वाकलो तर कप पापडासारखा सपाट.

"वाऱ्यानं झालं असेल," मी म्हटलं.

मास्तर म्हणाले, "काचा बंद आहेत, बाळ."

दुसरा कप ठेवला. तोही गेला. तिसऱ्या कपाच्या वेळी मी डोळे पायावर रोखून ठेवले आणि तो जाताना बघितला. माझाच पाय, माझाच बूट, आणि मला न विचारता खाली! असं वाटलं की घरात कुणीतरी भाडेकरू वर्षानुवर्षं राहतोय आणि आपली आत्ता ओळख होतेय. मी हसायला लागलो ते थांबेचना. मास्तर इतके घाबरले की त्या दिवशी त्यांना डुलकी लागली नाही.

आणि हो, वर्गाच्या दाराचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी वारा नव्हता.

मग डॉक्टर सध्या तात्पुरतं काम करते त्या गुरांच्या दवाखान्यात गेलो. ती एका शेळीचा जबडा उघडून आत बघत होती. म्हटलं, "तुम्ही नापास झालाच नाहीत. दोन्ही वेळा मी झालो." चपटे कप दाखवले, सगळं सांगितलं. हात हवेत फिरवले नाहीत. शेळीनं एक कप खाल्ला.

"म्हणजे गाडीचं मन म्हणजे तुमचा पाय?"

"हो."

"आणि तुम्हाला पत्ताच नव्हता?"

"शप्पथ नव्हता."

मला वाटलं, आता शेळी सोडून माझा जबडा धरते. ती म्हणाली, "बरं झालं. मला वाटायला लागलं होतं की माझ्याच डोक्यात काहीतरी कमी आहे." हे ऐकून मात्र मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. मी माझ्या प्रेमकथेत रंगलो होतो, आणि ती रोज घरी जाऊन स्वतःला मठ्ठ समजत होती.

मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक संधी देतो, पण तुझे पाय बांध." बांधले नाहीत, सीटवर मांडी घालून बसलो. डॉक्टर चालवतेय आणि बाजूला मी ध्यानाला बसल्यासारखा! लोक थांबून बघत होते. पहिल्याच चौकात समोर हातगाडी आली. माझा पाय मांडीतल्या मांडीत माशासारखा तडफडला. मी बूट धरून बसलो, ओठ दाबून. तिनं ब्रेक उशिरा दाबला, पण तिनं दाबला. हातगाडी हातभरावर राहिली. हातगाडीवाल्यानं तिला मनसोक्त शिव्या दिल्या.

ती त्याच्याकडे बघून हसत होती. म्हणाली, "आज पहिल्यांदा गाडी मी थांबवली."

परीक्षा तेरा तारखेला आहे. या वेळी मी कोणत्या बाजूला आहे ते लिहितो: तिच्या.

तुमचा,
भोंग्या

ता. क. मावशी, रागावणार नसशील तर एक सांगतो. दुसरा ब्रेक तुझ्याकडेही आहे. काका चालवत असतात तेव्हा.

*

९ मार्च

प्रिय भोंग्या,

रागावले. दोन दिवस. काकांना म्हटलं, "बघा, पोरगं मला शिकवतंय," आणि ते म्हणाले, "तो म्हणतो त्यात—" आणि मी तोंड उघडलं. उघडलेलं मला दिसलं! तुझा तो कप चिरडताना तुला दिसला ना, तसंच. घट्ट मिटलं. वाक्य पुरं व्हायला फार वेळ लागला, पण झालं. "त्यात तथ्य आहे," एवढंच होतं.

मग मीच म्हटलं, तुमची ती स्टेशनची गोष्ट सांगा. तुला माहीत आहे ना? लग्नाआधीची. पाहुणे आले की ते सुरू करतात, "एकदा मी स्टेशनवर बाकावर बसलो होतो," आणि मी पुढची पुरी करते, "आणि छत्री विसरून निघाले, मी हाका मारत मागं धावले, तेव्हापासून हा विसराळू माणूस पदरात आहे!" सगळे हसतात, काका चहा पितात.

परवा मी मध्ये बोलले नाही. जिभेवर दात ठेवून बसले. त्यांनी हळूहळू सांगितलं. ते छत्री विसरले नव्हते, रे. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मी बसले होते आणि माझ्याशी बोलायचं कसं ते त्यांना सुचत नव्हतं. म्हणून छत्री मुद्दाम ठेवून निघाले, अगदी सावकाश चालत, की मी हाक मारेन.

इतकी वर्षं मी त्या गोष्टीवर लोकांना हसवलं, आणि ती गोष्ट मी कधी ऐकलीच नव्हती.

"मग एवढी वर्षं सांगितलं का नाही?" तर म्हणाले, "सांगतच होतो."

परीक्षेचं लगेच कळव. शर्ट कोणता घालायचा ते सांगत नाही. (निळा.)

तुझी,
मावशी

*

१७ मार्च

ती. मावशी आणि ती. काका,

डॉक्टर पास! सगळे खांब उभे. रेषेच्या आत, टायर असा थांबला की वीतभर जागा उरली. परीक्षक तसाच मख्ख होता. मी कुंपणाबाहेर उभा होतो, आणि तिनं रेषेवर ब्रेक दाबला तेव्हा माझाही पाय दाबला गेला, मातीत. आता दाबला की मला कळतं. थांबत नाही तो, पण निदान आमची ओळख आहे.

पंधराला ती हजर झाली. काल तिच्या गाडीची पहिली फेरी. शाळेच्या दारात हॉर्न वाजला. मोठी निळी गाडी, मागं औषधांच्या पेट्या. निळा शर्ट घालून मी बाहेर आलो.

"एका गावात म्हैस अडलीये. येता का? शेजारची सीट रिकामी आहे."

"तिथं ब्रेक आहे का?"

"नाही."

"मग येतो."

मी काहीतरी मोठं बोलणार होतो. दोन महिने मनात घोकलेलं एक वाक्य तयार होतं, चांगलं लांबलचक. तेवढ्यात तिनं सुरुवात केली, "मला तुम्हाला एक सांगायचं—" आणि पुढं खड्डा आला, मग एक ट्रक आला, मग फाटा आला. मी मध्ये बोललो नाही, मावशी. तिला जमेल तेव्हा ती वाक्य पुरं करील. काकांनी तर छत्री ठेवून किती वाट बघितली! येताना सरांच्या घरावरून आलो. उद्या जाऊन त्यांचंही उरलेलं अर्धं ऐकून यावं म्हणतोय. जे असेल ते असो.

रस्त्यात एकदा कोंबडी आडवी आली आणि माझा पाय धाडकन खाली गेला. पत्र्यावर असा आवाज झाला की मागच्या बाटल्या वाजल्या. मी तिच्याकडे बघितलं. आधी बघितलं, हे लिहून ठेव. तिची नजर रस्त्यावर होती आणि ती गालातल्या गालात हसत होती.

"दाबा हो, दाबा," म्हणाली. "इथं कुणाला काही होत नाही. फक्त पत्रा फार वाजतो. खाली टाकायला काहीतरी आणा उद्यापासून."

उद्यापासून, म्हणाली.

मावशी, तू पाठवलेली चटई आज त्या सीटच्या पायाशी घातली. वीण खरंच जाड आहे. काकांना विचारून ठेव, भोक पडायला साधारण किती वर्षं लागतात.

तुमचा,
भोंग्या

(हे नाव तिला सांगितलं. ती हॉर्न वाजवून हाक मारते.)